हामिद, महमूद आणि इंग्रजीतले दोन कौतुकशब्द

दहावी-बारावीचे निकाल लागले की भूमसारख्या तालुक्याच्या गावात सत्कारांचे दिवस सुरू होतात. चौकात फलक लागतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. त्याच दिवसांत पुढच्या प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्जही भरायचे असतात. त्यासाठी कधी शिफारसपत्र लागते, कधी मुलांना स्वतःविषयी इंग्रजीत चार ओळी लिहाव्या लागतात. अशा लिखाणात दोन शब्दांची गल्लत होते. एक 'लॉडेबल', दुसरा 'लॉडेटरी'. दोन्ही कौतुकाचेच, दिसायला सख्खे भाऊ. पण एकाच्या जागी दुसरा बसला की वाक्याचा अर्थ फिरतो.

दोघांचे मूळ एकच आहे. लॅटिन भाषेत स्तुती करणे या अर्थाचे 'लॉडारे' हे क्रियापद आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत विशेष गुण मिळवणाऱ्यांच्या पदवीवर 'कम लॉडे' असे शब्द असतात, म्हणजे 'स्तुतीसह'. तेही याच घराण्यातले. फरक आहे तो शेपटात. 'लॉडेबल' म्हणजे स्तुतीला पात्र असलेले. 'लॉडेटरी' म्हणजे स्तुती करणारे. काम, हेतू, प्रयत्न हे लॉडेबल असतात. भाषण, पत्र, लेख हे लॉडेटरी असतात.

मराठी वाचणाऱ्याला हा भेद नवा नाही. वर्तमानपत्रात रक्तदान शिबिराची बातमी आली की 'स्तुत्य उपक्रम' असे शब्द येतात. निवृत्त होणाऱ्या गुरुजींविषयी कोणी बोलले तर ते 'गौरवपर भाषण' होते. शिबिराला कोणी 'गौरवपर उपक्रम' म्हणत नाही. स्तुत्य म्हणजे लॉडेबल, स्तुतिपर किंवा गौरवपर म्हणजे लॉडेटरी.

आपल्या घरांत तर ही जोडी नावांच्या रूपाने वावरते. अल्हम्दुलिल्लाह आपण दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. त्यातल्या 'हम्द'चा अर्थ स्तुती. याच धातूपासून 'हामिद' झाला, म्हणजे स्तुती करणारा. 'महमूद'ही झाला, म्हणजे ज्याची स्तुती केली जाते तो. अरबीत करणारा आणि ज्याच्या वाट्याला ती क्रिया येते तो, यांचे साचे वेगळे असतात. नासिर म्हणजे मदत करणारा, मन्सूर म्हणजे ज्याला मदत मिळाली तो. जालिम जुलूम करतो, मजलूम तो सोसतो. खादिम सेवा करतो, मखदूमची सेवा होते. मराठीने आपलासा केलेला 'मजकूर' हा शब्दही याच दुसऱ्या साच्यातला आहे. 'जिक्र' म्हणजे उल्लेख, आणि ज्याचा उल्लेख झाला तो मजकूर.

तेव्हा लक्षात ठेवायला सोपे आहे. लॉडेटरी म्हणजे हामिद, लॉडेबल म्हणजे महमूद.

इथे एक सावधगिरी हवी. 'हामिद' आणि 'हमीद' ही दोन वेगळी नावे आहेत. अल-हमीद हे अल्लाहचे नाव, स्तुतीला पात्र असलेला, म्हणूनच माणसाचे नाव अब्दुल हमीद ठेवतात. मराठीत लिहिताना हा फरक स्पष्ट दिसतो. रोमन लिपीत मात्र दोन्हींचे स्पेलिंग बहुधा एकच होते. मुलांची कागदपत्रे तपासताना निदान देवनागरीतले नाव बरोबर आहे ना, हे पाहून घ्यावे.

असाच घोळ 'ऑनरेबल' आणि 'ऑनररी' यांचाही होतो. पहिला म्हणजे माननीय, दुसरा म्हणजे मानद, वेतन न घेता पद सांभाळणारा. निमंत्रणपत्रिकेत मानद सचिवांना इंग्रजीत नुसते 'ऑनरेबल' केले, तर मान राहतो, पण पदाची माहिती हरवते.

'लॉडेबल'ची आणखी एक खोड ओळखून ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीत एखादा हेतू किंवा प्रयत्न लॉडेबल आहे असे म्हटले, की पुष्कळदा पुढे 'पण' येतो. हेतू स्तुत्य आहे, पण योजना अपुरी आहे, अशा धर्तीचे. म्हणून आपल्या अर्जावर किंवा प्रस्तावावर असा शेरा आला, तर पुढचे वाक्य वाचल्याशिवाय पेढे वाटू नयेत. 'लॉडेटरी'ही स्तुती खरी की खोटी ते सांगत नाही, स्तुती झाली एवढेच सांगतो.

शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनी हीच कसोटी लावावी. हुशार, नम्र, होतकरू, आदर्श अशा विशेषणांची रांग लावली की पत्र लॉडेटरी होते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी मुलीने काय केले ते लिहावे. रोज एसटीने शाळेत येऊन तिने वर्ग चुकवला नाही, धाकट्यांना गणित शिकवले, हे लिहिले की लॉडेबल हा शब्द न वापरताही ते सिद्ध होते.

घरातही हेच लागू पडते. अमेरिकेतल्या कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे सांगितले, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असे. पुढे अवघड कोडी आली आणि अपयश आले, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली. अम्मी-अब्बूंनी कौतुक जरूर करावे. मात्र ते मुलाला चिकटवण्याऐवजी त्याने केलेल्या कामाला द्यावे.

आणि उलट बाजूही पाहावी. भूमचा खवा दूरदूर जातो. त्यासाठी भट्टीच्या धगीत उभे राहून, दूध करपू नये म्हणून सतत कढई ढवळणारे हात असतात. त्यांच्यासाठी चौकात फलक लागत नाही, गौरवपर भाषण होत नाही. म्हणून ते काम कमी स्तुत्य ठरत नाही. महमूद असायला दर वेळी हामिद समोर उभा असावा लागत नाही.