ऋणकिरण-नलिकांची नामचिन्हे आणि त्यांची सुरक्षित परीक्षा

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने ऋणकिरण-नलिकांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विजोड वाटण्याचा संभव आहे. तथापि, उच्चारित ध्वनीचे तरंगरूप पडद्यावर दाखविणारा जुना ऑसिलोस्कोप ज्या नलिकेवर चालतो, ती कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये सिद्ध केलेल्या नलिकेचीच वंशज होय. अशी जुनी नलिका हाती आल्यास तिची ओळख प्रथम तिच्यावरील नामचिन्हावरून करावी लागते. हे नामचिन्ह म्हणजे एक लहानशी चिन्हव्यवस्थाच आहे.

अमेरिकन पद्धतीतील ‘५बीपी१’ हे नाव घेऊ. पहिला अंक पडद्याचा व्यास इंचांत सांगतो. ‘पी१’ हा घटक हिरवा प्रकाश देणाऱ्या लेपाचा वाचक आहे. ‘पी४’ म्हणजे दूरचित्रवाणीचा पांढरा, तर ‘पी७’ म्हणजे रडारसाठी योजिलेला, दीर्घकाळ उजळ राहणारा लेप. युरोपीय पद्धतीतील ‘डीजी७-३२’ या नावात ‘डी’ हे विद्युत्क्षेत्राने होणाऱ्या विचलनाचे, ‘जी’ हिरव्या रंगाचे आणि ‘७’ हे सेंटिमीटरांतील व्यासाचे चिन्ह होय. ‘एमडब्ल्यू२२-१६’ मध्ये ‘एम’ चुंबकीय विचलन दर्शवितो.

हे घटक अर्थवाहक आहेत. परंतु ‘५बीपी१’ मधील ‘बी’ केवळ नोंदणीचा क्रम दाखवितो. आणि धोका नेमका येथेच आहे. ‘३एपी१’ व ‘३बीपी१’ या नावांचे लघुतम युग्म पाहावे. व्यास तोच, लेपही तोच. पण पहिलीच्या तापकास २.५ व्होल्ट, तर दुसरीच्या तापकास ६.३ व्होल्ट लागतात. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘व्हीसीआर९७’ नलिकेस ४ व्होल्ट पुरतात. साम्यावरून अनुमान करणारा परीक्षक तापक जाळून टाकील. यादृच्छिक चिन्हाचा अर्थ तर्काने नव्हे, कोशानेच कळतो. येथे निर्मात्याचे कोष्टक हाच कोश होय. पिनांचा क्रमही त्यातूनच घ्यावा.

परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. नलिका निर्वात असल्याने पाच इंची पडद्यावर हवेचा भार सुमारे १३० किलोग्रॅम असतो. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, आणि नलिका मानेने उचलू नये. नलिका फुटल्यास आतील भुकटीस स्पर्श करू नये. काचेच्या आतील चंदेरी डाग पांढुरका झाला असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजून परीक्षा तेथेच थांबवावी. त्यानंतर वीज न जोडता तापक अखंड आहे काय, आणि तो अन्य अग्रांशी चिकटलेला नाही ना, हे ओहममापकाने पाहावे. मग केवळ तापकास योग्य दाब देऊन त्याची मंद तांबूस प्रभा पाहावी.

उच्च दाब जोडण्याचे काम अनुभवी तंत्रज्ञावरच सोपवावे. अनेक ऑसिलोस्कोपांत अंतिम धनाग्र भूमीशी जोडलेले असून ऋणाग्र शेकडो किंवा हजारो व्होल्टांनी ऋण असते. तापकाच्या दोन तारांत परस्परांशी ६.३ व्होल्टांचाच फरक असला, तरी भूमीच्या संदर्भात त्याच तारा प्राणघातक ठरतात. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरांत भार उरतो. तो सुरक्षितपणे उतरविल्यावाचून हात लावू नये. किरण दिसू लागल्यास तेज किमान ठेवावे, कारण एकाच जागी स्थिर राहिलेला तेजस्वी बिंदू लेप जाळतो. चुंबकीय विचलनाच्या नलिकेत वेटोळी जोडली नसल्यास हा धोका विशेष संभवतो.

सारांश, नामचिन्हातील पारदर्शक भागाने नलिकेची जात कळते. तिची प्रकृती मात्र अपारदर्शक भागात दडलेली असते. तो भाग कोष्टकातून वाचल्याखेरीज वीज जोडू नये.