पिकअपची बॅटरी बदलण्यापूर्वी

नारायणगावच्या टोमॅटोपासून निफाडच्या द्राक्षांपर्यंत महाराष्ट्रातल्या नाशवंत शेतमालाचा फार मोठा भार आज डिझेलवर चालणाऱ्या लहान पिकअप गाड्यांनी उचलला आहे. वाशीच्या घाऊक भाजीबाजाराचा व्यवहार पहाटेच सुरू होत असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास माल भरून गाडी हलली नाही, तर शेतकरी त्या दिवसाच्या भावाला मुकतो. आणि नेमक्या अशा घटकेला किल्ली फिरवताच सेल्फने नुसते ‘टक्’ करून गप्प व्हावे, याहून हतबल करणारा प्रसंग त्या धंद्यात क्वचितच येत असेल. मग धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून वेळ निभावली जाते, आणि दुसऱ्या दिवशी जे दुकान आधी उघडेल तिथून, जी हाती लागेल ती बॅटरी घेतली जाते. कित्येक हजारांची ही खरेदी इतक्या घाईने व्हावी, हे मला फार खेदाचे वाटते. कारण जी बाब शांत चित्ताने तपासून ठरवावयाची, ती अशा वेळी दुकानदाराच्या मर्जीवर सोपवली जाते.

डिझेलच्या गाडीला बॅटरी दमदार का लागते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तिथे हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर चढते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवण्याचे काम सेल्फचे. ते मंद फिरले, तर हवेतील उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत विरून जाते आणि डिझेल पेटतच नाही. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, त्यांत तेही सुरुवातीलाच आपला वाटा ओढून घेतात. म्हणून काही क्षणांपुरता का होईना, कित्येकशे अँपिअरचा प्रवाह बॅटरीला पुरवावा लागतो. यासाठी तिच्यात शिशाच्या पातळ आणि पुष्कळ प्लेटा बसवलेल्या असतात. घरच्या इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी तात्पुरती सोय म्हणून गाडीला जोडणे त्यामुळेच अयोग्य.

बॅटरीवर प्रायः दोन आकडे असतात. ८० अँपिअर-अवर याचा अर्थ असा, की ४ अँपिअरचा प्रवाह ती २० तास देऊ शकते आणि तोवर तिचा दाब १०.५ व्होल्टांच्या खाली जात नाही. दुसरा आकडा थंडीत सेल्फ फिरवण्याच्या शक्तीचा. तो उणे १८ अंश तापमानात, ३० सेकंदांच्या कसोटीवर ठरवण्याची रीत आहे. ही कसोटी हिमप्रदेशांची गरज पाहून आखलेली. अमेरिकेतील मोठ्या डिझेल पिकअपना १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, आणि तिथे दोन्ही एकदमच, एकाच जातीच्या आणि वयाच्या बदलाव्या लागतात. अन्यथा जुनी बॅटरी नवीचा साठा शोषत राहते. आपल्याकडच्या अडीच लिटरच्या आसपासच्या पिकअपचे काम एका बॅटरीवर भागते.

आपल्या मुलखात बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, आणि बॉनेटखालची हवा त्याहूनही तप्त असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या झिजेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकळ हिशेब आहे: पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, त्यांची शिशाची जाळी कुरतडली जाते. हे नुकसान उन्हाळ्यात दिसत नाही. ते डिसेंबरात, निफाडकडे पारा एक-अंकी झाला, इंजिनातले ऑइल घट्ट झाले आणि रासायनिक क्रिया मंदावली, की प्रकट होते. आणि मालक दोष थंडीला देतो. बिनदेखभालीच्या बंद बॅटरीत पाणी कमी उडते हे खरे. परंतु दररोज तापत धावणाऱ्या मालवाहू गाडीसाठी मी पाणी घालण्याची बुचे असलेली बॅटरी पसंत करीन, अर्थात महिन्याकाठी ती उघडून पाहणारा मनुष्य असेल तर.

नवी घेण्याआधी जुनी कशाने गेली, याचा तपास झाला पाहिजे. रात्रभर विसावलेल्या बॅटरीवर व्होल्टमीटरने १२.६ दाखवले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. गाडी चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. मग बुचे काढून सहाही कप्प्यांतील गंधकाम्ल हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीत एकामागून एक ओढून पाहावे: पाच कप्प्यांत तरंगी १.२५० वर थांबते आणि एकात १.१५० पर्यंत बुडते, असे दिसले तर तो कप्पा बहुधा निकामी झाला, आणि अशी बॅटरी चार्जिंगने सुधारण्याची आशा अल्प. उलटपक्षी सहाही कप्पे सारखेच उतरलेले असतील, तर संशय आधी अल्टरनेटरवर, त्याच्या पट्ट्यावर, किंवा गाडी उभी असताना गुपचूप वीज खाणाऱ्या एखाद्या म्युझिक सिस्टिमवर घ्यावा. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर किंवा गंजलेली अर्थिंगची वायर एवढ्याच कारणाने कित्येक धडधाकट बॅटऱ्या मोडीत निघतात.

आकाराच्या बाबतीत तडजोड करू नये. ‘९५डी३१आर’ अशा खुणेतील ३१ हा आकडा सेंटिमीटरमधली लांबी सांगतो, आणि शेवटचे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते. बाजू उलट आली तर वायर ताणून बसवावी लागते आणि पत्र्याला घासून शॉर्ट होण्याचे भय राहते. पेटीत घट्ट न बसलेली बॅटरी खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरत राहते व प्लेटांवरचा लेप गळून तळाशी साचतो. ठरलेल्याहून किंचित मोठी बॅटरी नीट बसत असेल तर तिने हानी होत नाही. लहान मात्र कदापि घेऊ नये.

दुकानात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. तेव्हा ठशातली उत्पादनाची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्यावी, आणि सहा महिन्यांहून जुना माल नाकारावा. हमीच्या मुदतीचेही बहुधा दोन हिस्से असतात: पहिल्यात बदली बॅटरी फुकट, दुसऱ्यात नव्या बॅटरीच्या किमतीत केवळ सूट. शिवाय तीच बॅटरी खासगी मोटारीत बसवली तर मुदत लांब आणि मालवाहू गाडीत बसवली तर तोकडी, अशी शर्त पुष्कळदा असते. म्हणून हमीपत्रावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि शिक्का रीतसर घ्यावा. जुनी बॅटरी दुकानातच जमा करावी. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि उघड्या भट्टीत वितळवलेल्या शिशाची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते.

बसवताना लाल वायर आधी आणि काळी शेवटी जोडावी. काढताना काळी आधी सोडवावी. मग इंजिन चालू करून अल्टरनेटरचे व्होल्ट पुन्हा मोजावेत, आणि तो आकडा हमीपत्राच्या पाठीवर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मोजल्यावर उन्हाळ्यात चार्जिंगचा दाब चढला की उतरला, हे ताडून पाहता येते.