निधिसंकलन : लहान देणगीची आखणी
निधिसंकलन मोहीम, म्हणजे ठरावीक कामासाठी ठरावीक मुदतीत देणग्या गोळा करण्याचा उपक्रम, आखताना एकूण किती रक्कम हवी याइतकाच ती कोणाकडून, केव्हा आणि किती लहान हिश्श्यांत मागायची हा प्रश्न महत्त्वाचा असतो. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने स्वदेशी उद्योगांसाठीची मागणी एका पैशावर आणली आणि त्याच निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात तर रोख पैसाही लागत नसे. गृहिणींनी बाजूला काढलेले मूठभर धान्य वसतिगृहातील मुलांच्या जेवणाला लागे. वेळेची सर्वांत नेमकी निवड मात्र पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीने केली, कारण बहिणीला ओवाळणी घालण्याच्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन दारी आलेल्या कार्यकर्त्याला दिलेली रक्कम देणाऱ्याला ओवाळणीसारखीच आपली वाटते. पावतीचा तपशीलही आधीच ठरवावा लागतो : प्राप्तिकर कायद्यानुसार २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला करवजावट मिळत नसल्याने अशी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत स्वीकारण्याची सोय मोहिमेपूर्वीच करणे आवश्यक असते.