वस्तीचे शेत आणि मजुराचे ताट

आज आपण मनातल्या मनात एक वस्ती वसवू. वाशीम जिल्ह्यात, रिसोडच्या बाजूस, पैनगंगेजवळ काळी जमीन आहे. घरे पंचवीस, त्यांतली दहा जमीनवाल्यांची आणि पंधरा मजुरांची. या वस्तीने काय पेरावे? मी मजुरांच्या संघटनेत हिंडणारा माणूस, तेव्हा माझी नजर आधी ताटाकडे जाते, मग शेताकडे.

जुनी रीत पाहू. मृगाचा पाऊस झाला की तिफणीने ज्वारी पेरत, सरत्याने तूर. मधून मूग, उडीद, बरबटी. धुऱ्याच्या कडेने अंबाडी. याला कोणी अडाणीपणा म्हणेल, पण त्यातला हिशेब पाहा. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येई, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, जेव्हा कणग्या रिकाम्या असत. ज्वारी दिवाळीच्या मागेपुढे, तूर त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. तुरीची मुळे खोल जातात, म्हणून ज्वारीशी तिचे भांडण कमी. शिवाय तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. भाकरीत लायसीन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत पुष्कळ. ही जोडी आमच्या आयांनी पुस्तक न वाचता जमवली होती. अंबाडीचा पाला कण्यांबरोबर ताटात, तिच्या सालीचा दोर बैलाला, ज्वारीचा कडबा गोठ्यात. आणि कणसे खुडणाऱ्या बाईच्या ओटीत चार पायल्या धान्य पडे.

मग सोयाबीन आले. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. शंभर दिवसांत रोख पैसा, मागून हरभऱ्याला रान मोकळे. ज्वारीला मात्र पाखरे, रानडुकरे, परतीच्या पावसाने काळे पडणारे दाणे आणि हलका भाव. परंतु सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रथिने असूनही ते आपल्या चुलीवर चढत नाही. तेल गिरणीत निघते, पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोंगणी उक्ती होते, मजुरी रोख मिळते आणि तुरीची डाळ दुकानातून पावशेराने आणावी लागते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य दिले, हे मोठेच काम झाले. पण ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, आणि त्या हक्काच्या वाट्यात डाळ नाही.

म्हणून आपल्या वस्तीत सोयाबीन राहू द्या, पण दर काही तासांनंतर तुरीचे तास असू द्या. पुष्कळ जण आजही तसे पेरतात. एकरातले चार-पाच गुंठे ज्वारी-मुगाला द्या, आणि ती सर्वांनी एकमेकांना लागून पेरा, म्हणजे राखणीला एकच माणूस पुरेल. धुऱ्यावर अंबाडी हवीच. तिला वेगळी जमीन लागत नाही. राहिला मजुराचा वाटा. रोख रोजाला हात न लावता, त्याच्यावर तूर काढणाऱ्याला शेर-दोन शेर तूर द्यावी, असे मी सुचवतो. दहा घरे म्हणतील, परवडत नाही. बसू, हिशेब मांडू.