दत्तक, मातृभाषा आणि परदेशी वाढलेली माणसे

'दत्तक' म्हणजे दिलेला. देणारा कोणी असल्यावाचून दत्तक संभवत नाही, अशी धर्मशास्त्राची भूमिका होय. आईबापांनी टाकलेल्या व परक्याने स्वीकारलेल्या पुत्रास मनूने 'अपविद्ध' ही निराळी संज्ञा दिली. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातदेखील ज्याचे आईबाप अज्ञात आहेत अशा मुलास दत्तक देण्याची तरतूद १९६२ च्या दुरुस्तीनेच झाली. परदेशी दांपत्यांस हा कायदा लागू नव्हता. १८९० च्या कायद्यान्वये पालकत्व घेऊन ती मूल स्वदेशी नेत. या व्यवहारास सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नियमांची चौकट घातली.

त्या काळी गेलेली मुले आज प्रौढ आहेत. ऑस्ट्रेलियाच्या माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर यांचा जन्म १९७९ मध्ये पुण्यात झाला. ससून रुग्णालयाशी संलग्न 'श्रीवत्स' संस्थेतून त्या दत्तक गेल्या. दत्तक पिता भारतीय असल्याने त्यांचे आडनाव मराठी राहिले, हा अपवादच म्हणावयाचा. एरवी चेहरा एका देशाचा व नाव दुसऱ्या देशाचे, अशी स्थिती असते. युद्धकाळात व्हिएतनाममध्ये जन्मलेले आणि २०११ मध्ये जर्मनीचे उपचॅन्सेलर झालेले फिलिप र्‍योस्लर हे तिचे ठळक उदाहरण होय.

अशा व्यक्तीची मातृभाषा कोणती? जन्मदात्रीची की जिने वाढविले तिची? 'मातृभाषा' हा शब्द दोन्ही माता एकच आहेत असे गृहीत धरतो. तान्हेपणी ऐकलेली भाषा पुढे बोलता येत नाही, समजतही नाही. तथापि ती समूळ जाते असेही नाही. माँट्रियल येथील संशोधकांनी २०१४ मध्ये, चीनमधून लहानपणी दत्तक येऊन केवळ फ्रेंच बोलत वाढलेल्या मुलींची परीक्षा केली. चिनी स्वराघात ऐकताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी जाणणाऱ्या मुलींसारखाच आढळला. यावरून 'रक्त बोलते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे अनेकांस होईल. तो टाळलाच पाहिजे. हा संस्कार रक्ताचा नसून कानाचा आहे.

आपण समाज ओळखतो तो गाव, जात, भाषा यांवरून. ही माणसे परस्परांस भेटतात ती स्वीडिश, जर्मन वा इंग्रजीतून. त्यांस जोडतो तो सारखा अनुभव. सांत्वनापेक्षा त्यांचा प्रश्न अधिक नेमका असतो: नोंद कोठे आहे? सध्याच्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीस स्वतःचा मूळशोध घेता येतो, मात्र त्रयस्थामार्फत नाही. जन्मदात्रीची संमती नसल्यास तिची ओळख उघड केली जात नाही. एकेकाळी लोकलज्जेस्तव मूल सोडावे लागलेल्या स्त्रीस हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु मूल कोठे सापडले, कोणत्या दिवशी आणले गेले, संस्थेत त्याला काय नावाने हाक मारीत, एवढे सांगण्याने कोणत्याही मातेचे गुपित फुटत नाही. ते तरी त्याला मिळावयास हवे.