वाळवंटातला गोळा

अल नहदाच्या गल्लीतून बाहेर पडलं की समोर अल इत्तिहाद रस्ता. दुबई आणि शारजाच्या वेशीवर संध्याकाळी इथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. ‘इत्तिहाद’ म्हणजे एकी. हेच नाव मिरवणारी मालगाडी या देशाच्या वाळवंटातून धावते, आणि तिची ओळख आपण करून घ्यायलाच हवी.

इत्तिहाद रेल कंपनी २००९ साली स्थापन झाली. तिचं पहिलं काम गंधकाचं. शाह आणि हबशान इथल्या नैसर्गिक वायूतून निघणारं दाणेदार गंधक रुवैस बंदरात पोचवायचं. या २६४ किलोमीटरच्या मार्गावर २०१६ मध्ये नियमित वाहतूक सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सौदी सीमेवरच्या घुवैफातपासून फुजैरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचं जाळं मालगाड्यांना खुलं झालं. गंधकाच्या जोडीला कंटेनर आणि दगडखडीही आली.

इथला खरा शत्रू वाळू. ती रुळांखालच्या खडीत शिरते आणि खडीचा लवचीकपणा जातो. इंजिनात शिरू नये म्हणून हवेच्या गाळण्या हवेच्याच झोतांनी झटकल्या जातात. धुळीचं वादळ उठलं की दूरचा दिवा ड्रायव्हरला दिसणार कसा?

म्हणून इथला सिग्नल रुळाकडेच्या खांबावरून उतरून ड्रायव्हरच्या समोर आला आहे. रुळांमध्ये बसवलेल्या चकत्यांवरून गाडी जाते तेव्हा तिला आपली नेमकी जागा कळते. ती जागा रेडिओवरून नियंत्रण केंद्राला पोचते. कुठपर्यंत आणि किती वेगानं जायचं, हे केंद्र कळवतं आणि ते ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर उमटतं. मर्यादा ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतात. ‘ईटीसीएस लेव्हल टू’ ही ती युरोपीय पद्धत.

हेच काम करायला आपल्याकडे भारतात एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला पोलादी गोळा द्यायचा. गोळा हाती नसेल, तर गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघायची नाही. तो गोळा म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याचा शब्द. आज भारतात ‘कवच’ ही सुरक्षा यंत्रणाही रेडिओच्याच आधारानं ड्रायव्हरवर लक्ष ठेवतं, गरज पडली तर ब्रेक लावतं.

हातातला गोळा गेला, पडदा आला. नियम मात्र तोच राहिला: पुढची वाट मोकळी असल्याची खात्री मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वाळवंटातली ही रेल्वे त्याच नियमावर उभी आहे.