असईचा हत्ती आणि कोरेगावचा स्तंभ

मंडळी, कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाबद्दल बोलायचं, तर सुरुवात आपण आपल्याच जालना जिल्ह्यातून करू. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्या सैन्यात मद्रासी शिपायांचा मोठा भरणा होता. त्या विजयाची खूण असलेला हत्ती आजही भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आहे. त्याच्यावरून कधी दंगल झाल्याचं आपण ऐकलंय का?

आता कोरेगाव. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या आठशेच्या आसपास सैनिकांनी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं. नंतर कंपनीनं तिथं स्तंभ उभारला, तो स्वतःच्याच कौतुकासाठी. पण त्यावर कोरलेल्या ४९ मृतांमध्ये २२ महार सैनिक आहेत. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हावर सुरुवातीला हा स्तंभ होता. पुढं तो गेला, त्या जागी खंजीर आला.

दोन्ही विजय कंपनीचे, दोन्ही मराठी सत्तेविरुद्धचे. मग ‘परकीयांचं प्रतीक’ हा आक्षेप एकट्या कोरेगाववरच का? राष्ट्राभिमान हेच खरं कारण असतं, तर हत्तीही खटकायला हवा होता. आमच्या मते खटकतो तो स्तंभ नव्हे, तिथं ताठ मानेनं जाणारा माणूस खटकतो.

डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथं गेले, ते काही इंग्रजांचे आभार मानायला नव्हे. ज्या सरकारनं महारांचं शौर्य दगडावर कोरलं, त्याच सरकारनं १८९०च्या दशकात त्यांची लष्करभरती बंद केली होती. म्हणजे स्तंभ कंपनीचा असला, तरी तो पुरावा म्हणून वापरला गेला तो इंग्रजांविरुद्धच! एका वास्तूचा अर्थ असा फिरतो, आणि तो फिरवण्याचा हक्क बांधणाऱ्याकडे राहत नाही.

इतिहासाचे अभ्यासक सांगतात की ही निव्वळ जातींची लढाई नव्हती. कंपनीकडे मराठे आणि मुसलमानही होते, पेशव्यांकडे अरब होते. बरोबर आहे, आणि हे सांगायलाच हवं. पण ही दुरुस्ती ऐकवताना २०१८ सालच्या १ जानेवारीची दगडफेक, त्यात गेलेला तरुण जीव बाजूला ठेवता येत नाही.

असईला दरवर्षी कुणी गर्दी करत नाही. कोरेगावला लाखो लोक जातात, आणि ‘नाक’ हा शेवट असलेली नावं बोटानं शोधत वाचतात.